बेरी तपकिरी का होते? दुल्से दे लेचे करता करता शिकायचा एक पाठ



भौतिक बदल आणि रासायनिक बदल शिकवताना मी कित्येक वर्षं एकच उदाहरण देत आले. साखर तापवली की ती वितळते, पुढे तपकिरी होते, मग काळी पडते, हा रासायनिक बदल. इतकंच सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पुढे जोडायचे, "म्हणूनच कंदी पेढा तपकिरी असतो, कुंदा तपकिरी असतो. त्यातली साखर जळते."

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, आई तूप कढवते तेव्हा खाली बेरी राहते. तीपण तपकिरीच असते. पण लोण्यात तर आपण साखर घालतच नाही. मग काय जळतं?"

मी म्हटलं, "लोण्यातलं काहीतरी करपतं गं," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. तास संपला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर शोधताना दक्षिण अमेरिकेतल्या एका गोड पदार्थाशी गाठ पडली. तो घरी करून पाहिला, मुलांबरोबर त्यावर एक प्रयोग केला, आणि माझं वर्षानुवर्षांचं उत्तर चुकीचं होतं हे कळलं. तो पदार्थ, त्याची कृती आणि त्यातलं विज्ञान आज तुमच्यासमोर मांडते आहे. यात एक धोक्याची सूचनाही आहे. वेळ नसेल तर निदान तो भाग तरी नक्की वाचा.

पदार्थाची ओळख

पदार्थाचं नाव आहे दुल्से दे लेचे. स्पॅनिश भाषेत 'दुल्से' म्हणजे गोड आणि 'लेचे' म्हणजे दूध. दूध आणि साखर मंद आचेवर तासदीड तास आटवत राहायचं, की चमच्याने ओतता येईल असा दाट, बदामी-तपकिरी, चकचकीत सॉस तयार होतो. आपली बासुंदी थांबते त्याच्या बरंच पुढे आणि खव्याच्या थोडं अलीकडे हा पदार्थ थांबतो, असं समजा.

अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये हा पदार्थ रोजच्या खाण्यातला आहे. सकाळी पावाला लावतात, पॅनकेकमध्ये भरतात, दोन मऊ बिस्किटांच्या मध्ये घालून 'आल्फाहोर' नावाचा खाऊ करतात. हा पदार्थ मुळात आपलाच, असं दोन्ही देश हक्काने सांगतात. अर्जेंटिनात ११ ऑक्टोबर हा दुल्से दे लेचेचा दिवस म्हणून साजरा होतो.

अर्जेंटिनातली आख्यायिका अशी. १८२९ साली ब्युनोस आयर्सजवळच्या कान्युएलास इथे हुआन मानुएल दे रोसास आणि हुआन लावाये या दोन विरोधी सेनानींची तहासाठी भेट ठरली. रोसासच्या तळावर एक बाई चुलीवर दूध-साखर तापवत होती. गडबडीत ती ते विसरली, आणि परत येऊन पाहते तो भांड्यात तपकिरी, दाट गोडवा तयार! कान्युएलासचा तह हा खरा इतिहास आहे. दुधाची गोष्ट मात्र गोष्ट म्हणूनच सांगावी. मुलांना सांगताना हा फरक जरूर दाखवा. इतिहासाच्या तासाला 'घटना' आणि 'आख्यायिका' वेगळ्या कशा ओळखायच्या, यासाठी हे छान उदाहरण आहे.

भूगोलाच्या तासालाही हा पदार्थ चालतो. अर्जेंटिनाचा पम्पास हा गवताळ प्रदेश आपण शिकवतो. गवत मुबलक, म्हणून गुरं मुबलक. गुरं मुबलक, म्हणून दूध मुबलक. पण फ्रिज नसलेल्या काळात दूध टिकवायचं कसं? पाणी आटवून आणि साखर घालून. पाणी कमी आणि साखर जास्त झाली की जिवाणूंना वाढायला लागणारं पाणीच उरत नाही. आपल्याकडे हाच प्रश्न खवा, पेढा, कुंदा यांनी सोडवला. मेक्सिकोत बकरीच्या दुधाची 'काहेता' करतात, तिच्यासाठी सेलाया हे गाव प्रसिद्ध आहे. कोलंबियात अशाच पदार्थाला 'आरेकीपे' म्हणतात, तर चिलीत 'मांहार'. नकाशावर हे देश शोधायला लावले, की मुलांचा नकाशा पाठ होतो.

साहित्य

- गायीचं ताजं, सायीसकट दूध : १ लिटर
- साखर : २५० ग्रॅम
- खायचा सोडा : पाव छोटा चमचा, सपाट
- मीठ : चिमूटभर
- व्हॅनिला इसेन्स : अर्धा छोटा चमचा, शेवटी घालायला

म्हशीचं दूध चालतं, पण त्यात स्निग्धांश जास्त असल्याने सॉस अधिक जड होतो आणि कधी कधी वर तूप सुटतं. दूध ताजंच हवं. कालचं, जरा आंबूस वास येणारं दूध घेतलंत तर ते नासणार हे नक्की.

भांडं जाड बुडाचं, पसरट आणि दुधाच्या निदान तिप्पट मापाचं घ्या. सोड्यामुळे दूध भराभर फसफसून वर येतं.

कृती

१. कढईत दूध, साखर आणि मीठ एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. साखर तळाशी राहिली तर ती लागते.

२. दुधातून वाफा येऊ लागल्या की गॅस बंद करा. सोडा एक चमचा पाण्यात विरघळवून दुधात घाला आणि ढवळा. फेस वर येईल, तो खाली बसू द्या. मग पुन्हा गॅस लावा.

३. आता आच अशी ठेवा की दूध हलकं उकळत राहील पण उतू जाणार नाही. दर तीन-चार मिनिटांनी उलथण्याने तळ आणि कडा खरवडत ढवळा. दूध सारखं हलतं राहावं म्हणून आपल्याकडे काही घरांत भांड्यात छोटी बशी पालथी टाकतात. अर्जेंटिनातल्या आज्या त्यासाठी काचेच्या गोट्या टाकत! तुम्ही बशीच वापरा. दूध दाट व्हायला लागलं की ती चिमट्याने काढून घ्या.

४. पहिला पाऊण तास फारसं काही घडत नाही असं वाटतं. दूध नुसतं आटतं, रंग सायीसारखा होतो. इथे पुष्कळ जण कंटाळून आच वाढवतात, आणि नेमकं तेव्हाच दूध तळाला लागतं. धीर धरा.

५. साधारण तासाभराने रंग भराभर बदलू लागतो. सायीचा पिवळसर, मग फिकट बदामी, मग चहासारखा. आता कढईजवळून हलू नका. आच मंद करा आणि सतत ढवळा. बुडबुडे मोठे, संथ आणि जड होतात. त्यांचे शिंतोडे उडतात आणि ते चांगलेच भाजतात, म्हणून लांब दांड्याचं उलथणं घ्या आणि मुलांना दोन हात लांब ठेवा.

६. झालंय का ते पाहायला एक बशी आधीच फ्रिजमध्ये ठेवा. तिच्यावर एक थेंब टाकून बोटभर जागेत चमच्याने रेघ ओढा. रेघ लगेच मिटली तर अजून पाच मिनिटं थांबा. रेघ टिकली तर गॅस बंद करा. गरम असताना सॉस आपल्याला हवा त्यापेक्षा जरा पातळच असायला हवा, कारण गार झाल्यावर तो बराच घट्ट होतो.

७. व्हॅनिला घाला. कढई थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि कोमट होईपर्यंत ढवळत राहा. ही पायरी टाळू नका, कारण पुढे सांगते. मग स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. कोरड्या चमच्याने काढलं तर दोन आठवडे छान राहतं.

सगळं मिळून दीड तास लागतो. कढईच्या कडेला चिकटलेली खरवड कोणाला मिळणार यावरून भांडण होईल, ते तुमचं तुम्ही बघा.

मग जळतं काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, स्वतःहून तपकिरी व्हायला साधारण १६० अंश सेल्सियसच्या पुढचं तापमान लागतं. कॅरॅमल कस्टर्ड करताना आपण कोरडी साखर भांड्यात वितळवतो, तेव्हा हे तापमान गाठलं जातं. ते खरं कॅरॅमल.

पण आपल्या कढईत पाणी आहे. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. सॉस दाट झाला की साखरेमुळे ते चार-पाच अंशांनी वर चढतं, त्याहून फार नाही. म्हणजे १६० चा आकडा खूप लांब राहिला. कढईच्या कोरड्या कडेवर थोडी साखर जळत असेल, पण एवढ्या सगळ्या दुधाला रंग यावा इतकी नक्कीच नाही.

मग रंग येतो कुठून? तो येतो दुधातल्या प्रथिनांच्या आणि दुधातल्याच साखरेच्या भेटीतून. दुधाची स्वतःची एक साखर असते, लॅक्टोज. प्रथिनांमध्ये अमिनो आम्लं असतात. उष्णता मिळाली की लॅक्टोज आणि ही अमिनो आम्लं एकमेकांशी जोडली जातात. पुढे टप्प्याटप्प्याने शेकडो नवी संयुगं तयार होतात. काही रंग देतात, काही वास देतात, काही चव देतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माय्यार याने १९१२ साली या अभिक्रियेबद्दल लिहिलं, म्हणून तिला माय्यार अभिक्रिया म्हणतात. तिला १६० अंश लागत नाहीत. १०० अंशांना ती चालू असते, फक्त सावकाश. म्हणूनच दीड तास.

यात एक गंमत आहे. आपण वरून घातलेली साखर या भेटीत थेट भागच घेत नाही! सुक्रोजच्या रेणूचा जो भाग अमिनो आम्लाशी जोडला जायला हवा, तो आधीच आतल्या आत अडकलेला असतो. लॅक्टोजमध्ये तो मोकळा असतो. म्हणजे वरची साखर गोडी देते, दाटपणा देते, पदार्थ टिकवते. रंग मात्र दुधाचा स्वतःचा असतो.

आता बेरीचं कोडं सुटलं ना? लोण्यात ताकाचा अंश असतो, त्यात थोडी प्रथिनं आणि थोडं लॅक्टोज असतं. तूप कढताना आधी तडतड आवाज येतो, तो पाणी उडून जाण्याचा. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं. मग तापमान १०० च्या वर चढतं, खाली बसलेली प्रथिनं आणि लॅक्टोज एकत्र येतात आणि बेरी खमंग तपकिरी होते. कंदी पेढ्याचा खवा भाजताना हेच, कुंद्यात हेच. भाकरीवरच्या खरपूस डागांत आणि पावाच्या कवचातही हीच अभिक्रिया असते, फक्त तिथली साखर आणि प्रथिनं धान्याची.

आणि सोडा? तो दोन कामं करतो. दूध आटताना त्यातली आम्लता वाढत जाते आणि दूध नासण्याची भीती असते. सोडा ती आम्लता मारतो, तेव्हाच कार्बन डायऑक्साइड सुटून फेस येतो. दुसरं म्हणजे आम्लता कमी झाली की माय्यार अभिक्रिया वेगाने होते. म्हणून सोडा घातलेलं दूध लवकर आणि जास्त गडद होतं. पण "पाव चमच्याने एवढा रंग, तर एक चमचा घालू" असं करू नका. साबणासारखी चव येते.

चार वाट्यांचा प्रयोग

नुसतं सांगून मुलांना पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून हा प्रयोग करा. मोठ्या माणसाने कुकर हाताळायचा, मुलांनी अंदाज लिहायचे आणि निरीक्षणं नोंदवायची.

स्टीलच्या चार सारख्या वाट्या घ्या. प्रत्येक वाटी अर्धीच भरा.

- पहिली वाटी : पाणी आणि दोन चमचे साखर
- दुसरी वाटी : नुसतं दूध
- तिसरी वाटी : दूध आणि दोन चमचे साखर
- चौथी वाटी : दूध, दोन चमचे साखर आणि अगदी छोटी चिमूट सोडा

कुकरच्या तळाशी दोन-तीन पेले पाणी, त्यावर जाळी, जाळीवर वाट्या. प्रत्येक वाटीवर छोटी ताटली सैल झाका. एक शिट्टी झाली की आच एकदम मंद करून ४० मिनिटं ठेवा. मग गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढू नका, वाट्यांतलं दूध उसळून बाहेर येईल.

कुकरमध्ये दाबामुळे तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. सगळ्या वाट्यांना तेच तापमान, तोच वेळ. फरक फक्त आत काय आहे याचा. 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हा प्रयोगाचा नियम मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो.

झाकण उघडायच्या आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. माझ्या वर्गात बहुतेकांनी लिहिलं होतं, "पहिली वाटी तपकिरी होईल, कारण तिच्यात साखर आहे." अर्थात, मीच तसं शिकवलं होतं! उघडून पाहिलं तर साखरेचं पाणी जवळजवळ तसंच, पारदर्शक. नुसत्या दुधाच्या वाटीला मात्र बदामी छटा आलेली. साखर घातलेलं दूधही साधारण तसंच. आणि सोड्याची वाटी सगळ्यांत गडद.

वर्गात एकदम शांतता झाली. मग एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, तुमचं चुकलं होतं?" मी हो म्हटलं, आणि फळ्यावर आधीचं वाक्य लिहून त्यावर काट मारली. खरं सांगते, त्या दिवसानंतर वर्गात हात जास्त वर येऊ लागले. ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता, तिच्याकडूनच मी चार वाट्यांचा निष्कर्ष वाचून घेतला.

बंद डबा उकळू नका

आता तो धोक्याचा भाग. कंडेन्स्ड मिल्कमध्ये दूध आधीच आटवलेलं आणि साखर घातलेली असते, फक्त रंग येणं बाकी असतं. त्यामुळे 'सोपी युक्ती' म्हणून अनेक व्हिडिओंमध्ये कंडेन्स्ड मिल्कचा न उघडलेला डबा पाण्यात तीन तास उकळायला किंवा सरळ कुकरमध्ये ठेवायला सांगतात. एका पालकांनी मला सांगितलं की त्यांची मुलगी हे करायच्या तयारीत होती. डबा कुकरमध्ये ठेवलेला, फक्त गॅस लावायचा बाकी.

हे करू नका, आणि का करू नये हे मुलांना समजावून सांगा. नुसतं 'नको' म्हटलं की मुलं आपण घरी नसताना करतात.

बंद डब्यातलं द्रव तापलं की प्रसरण पावतं. आतल्या पाण्याची वाफही दाब देते. बाहेर जायला वाट नसते. पातेल्यात डबा पूर्ण बुडालेला असेपर्यंत तो १०० अंशांवर राहतो. पण तीन तासांत पाणी आटतं, डब्याचं वरचं किंवा खालचं टोक उघडं पडतं, तिथला पत्रा जास्त तापतो आणि शिवण उघडते. कुकरमध्ये तर आतला मजकूर १२० अंशांवर पोचतो. कुकरमध्ये दाब असेपर्यंत डब्याला बाहेरूनही आधार असतो. वाफ काढली की बाहेरचा दाब झटकन उतरतो, आतला तसाच राहतो. खटका ओढून उघडायच्या डब्यांचं झाकण तर आणखी कमजोर. आणि डबा शाबूत राहिला तरी गरम असताना उघडला की आतला चिकट पदार्थ पिचकारीसारखा तोंडावर उडू शकतो.

मुलांना एक प्रश्न विचारा : आपण रोज कुकरमध्ये वरणाचा डबा लावतो, तो का फुटत नाही? त्याचं झाकण सैल असतं, आत-बाहेर दाब सारखाच राहतो. धोका कुकरचा नाही, बंदपणाचा आहे.

म्हणून सोपा आणि सुरक्षित मार्ग असा. कंडेन्स्ड मिल्क डब्यातून काढून स्टीलच्या वाडग्यात ओता, वर ताटली सैल झाका, आणि चार वाट्यांच्या प्रयोगासारखंच जाळीवर ठेवून, एका शिट्टीनंतर मंद आचेवर ४० मिनिटं ठेवा. मधे पाणी संपणार नाही एवढं पाणी घाला. वाफ जिरल्यावर काढा, गार होऊ द्या आणि रवीने किंवा चमच्याने घोटा. कढईइतकी खमंग चव येत नाही, पण घाईच्या दिवशी छान काम भागतं.

आणि चटका बसलाच तर? असा दाट गोड पदार्थ कातडीला चिकटून राहतो, म्हणून पाण्यापेक्षा खोल भाजतो. ताबडतोब नळाच्या साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद काहीही लावू नका. फोड मोठे असतील किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर सरळ डॉक्टरांकडे.

गणिताचा तास

एक लिटर गायीच्या दुधाचं वजन साधारण १०३० ग्रॅम भरतं. त्यात पाणी सोडून बाकीचे घनपदार्थ सुमारे १३० ग्रॅम. त्यात आपण २५० ग्रॅम साखर घातली. म्हणजे एकूण घनपदार्थ ३८० ग्रॅम.

अर्जेंटिनातल्या नियमाप्रमाणे दुल्से दे लेचेमध्ये पाणी ३० टक्क्यांहून जास्त नसावं. म्हणजे ३८० ग्रॅम हा ७० टक्के भाग झाला. मग पूर्ण पदार्थ किती? ३८० ला ०.७ ने भागा, साधारण ५४३ ग्रॅम. सुरुवातीला कढईत १२८० ग्रॅम होतं. म्हणजे जवळजवळ ७३७ ग्रॅम, पाऊण लिटर पाणी वाफ होऊन गेलं! दीड तासात म्हटलं तर मिनिटाला आठ ग्रॅम. घरात वजनकाटा असेल तर आधी रिकाम्या कढईचं वजन करून ठेवा आणि शेवटी पडताळून पाहा. तेवढं भरलं नाही तर कुठे गेलं, हाही एक प्रश्न. (खरवड खाणाऱ्यांकडे बघा.)

मोठ्या मुलांसाठी पुढचा टप्पा. एक लिटर दुधात लॅक्टोज असतं सुमारे ४८ ग्रॅम. आपल्या तयार सॉसमध्ये पाणी उरलं १६३ ग्रॅम. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधी साखर २०० ग्रॅमपर्यंत विरघळते, पण लॅक्टोज जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे १६३ ग्रॅम पाण्यात लॅक्टोज विरघळणार फार तर ३२-३३ ग्रॅम. उरलेल्याचं काय? ते हळूहळू स्फटिक होऊन बसतं आणि सॉस जिभेला रेतीसारखा लागतो. सावकाश गार होऊ दिलं तर स्फटिक मोठे होतात. ढवळत भराभर गार केलं तर ते इतके बारीक राहतात की जिभेला कळत नाहीत. परातीतल्या पाण्याची पायरी टाळू नका म्हटलं, ते यासाठी.

पालकांसाठी एक हिशोब. ५४३ ग्रॅममध्ये २५० ग्रॅम वरची साखर. म्हणजे २० ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात नऊ ग्रॅमहून थोडी जास्त. जवळजवळ दोन छोटे चमचे साखर. मुलांनाच हे गणित करू द्या. "जास्त खाऊ नकोस" यापेक्षा त्यांनी स्वतः काढलेला आकडा जास्त काळ लक्षात राहतो. दूध पचत नाही अशा मुलांनी हे जपूनच खावं, कारण लॅक्टोज यातही उरतंच.

बिघडलं तर

*दूध नासलं, बारीक कण दिसताहेत* : दूध शिळं होतं किंवा सोडा कमी पडला. आटवणं पूर्ण करा, कोमट झाल्यावर मिक्सरमधून काढा. चव ठीक असेल.

*तळाला लागलं* : तळ खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि तिथे पुढे आटवा.

*गार झाल्यावर दगड झाला* : दोन-तीन चमचे गरम दूध घालून मंद आचेवर सारखं करा.

*रंग फिकट राहिला* : आच मोठी ठेवल्याने पाणी लवकर गेलं, रंगाला वेळच मिळाला नाही. अर्धा पेला गरम दूध घालून मंद आचेवर पुन्हा आटवा. रंगाला वेळ हवा, मोठा जाळ नको.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. दूध आटणं हा भौतिक बदल की रासायनिक? आणि दूध तपकिरी होणं? एकाच कढईत दोन्ही बदल कसे घडतात?

२. फोडणीतला कांदा गुलाबी होतो, भाकरीला डाग पडतात, चपाती फुगते. यांपैकी माय्यार अभिक्रिया कशात आहे आणि कशात नाही?

३. बासुंदी दुल्से दे लेचेइतकी तपकिरी का होत नाही? (सूचना : वेळ, सोडा आणि किती आटवलं, या तिन्हींचा विचार करा.)

४. घरी पुढच्या वेळी तूप कढवतील तेव्हा शेजारी उभं राहून आवाज ऐका. तडतड थांबल्यावर किती मिनिटांनी रंग बदलला, ते वहीत लिहा.

चौथा प्रश्न गृहपाठ म्हणून जरूर द्या. त्यासाठी वेगळं साहित्य लागत नाही, गॅसचा जादा खर्च नाही, आणि शेवटी बेरीत चमचाभर साखर घालून खायला मिळते. ती खाताना कोणी "पण यात साखर तर आत्ता घातली, मग ही तपकिरी आधीच कशी झाली?" असं विचारलं, तर तुमचा पाठ सुरू झाला असं समजा.